बिल्टमोर बघायला जाताय? मग तळघरासाठी पाय शिल्लक ठेवा

इकडे नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसी भागात राहणाऱ्या मराठी घरांमधे हा प्रसंग ठरलेला आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, पहिले दोन आठवडे जेटलॅग आणि कॉस्टको यात जातात, मग एका शुक्रवारी रात्री जेवताना कोणीतरी म्हणतं, अरे ते व्हँडरबिल्टचं घर राहिलंय की दाखवायचं. आणि शनिवारी सकाळी सगळे गाडीत. तर असं करू नका. मी आतापर्यंत चार वेळा गेलेय, पहिल्या वेळी जवळजवळ सगळंच चुकलं, चौथ्या वेळी आईला घेऊन गेले तेव्हा कुठे ते घर कसं बघायचं हे कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिल्टमोर म्हणजे अ‍ॅशव्हिलमधलं जॉर्ज वॉशिंग्टन व्हँडरबिल्टचं घर. रेल्वे आणि आगबोटीवाल्या व्हँडरबिल्ट घराण्यातलं हे शेंडेफळ, आजोबांनी कमावलं, वडिलांनी दुप्पट केलं आणि याने पुस्तकं, चित्रं आणि हे घर यात घातलं. १८८८ मधे आईच्या तब्येतीसाठी हवापालट म्हणून अ‍ॅशव्हिलला आला, डोंगर बघून वेडा झाला, आणि जमीन घ्यायला लागला ती घेतच गेला, शेवटी सव्वा लाख एकर झाली. १८८९ ला बांधकाम सुरू, १८९५ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांसाठी उघडलं. २५० खोल्या, ३५ बेडरूम, ४३ बाथरूम, ६५ फायरप्लेस. आणि हे सगळं बांधलं तेव्हा साहेब सडाफटिंग, लग्न झालं ते १८९८ मधे! आज अमेरिकेतलं खाजगी मालकीचं सगळ्यात मोठं घर हेच, अजून त्याच्याच वंशजांकडे आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा पास वगैरे इथे चालत नाही.

आता तिकीट. इथेच बरेच जण पहिली चूक करतात. तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात, विमानासारखे, जितकं आधी काढाल तितकं बरं आणि मधल्या वारी गेलात तर अजून बरं. हंगामात एका मोठ्या माणसाचं तिकीट शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं, चौघांचं बघितलं की बाबा मंडळी लगेच ८५ ने की ९० ने गुणाकार करायला लागतात, त्यामुळे त्यांना आकडा सांगूच नका. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट आहे. वर्षातून दोनदा जाणार असाल, म्हणजे आत्ता आई-बाबांबरोबर आणि डिसेंबरमधे लाइटिंग बघायला, तर वार्षिक पासचा हिशोब करून बघा, आमचा तरी दुसऱ्याच खेपेला वसूल झाला.

तिकिटावर घरात शिरायची वेळ असते. ही घराच्या दाराची वेळ आहे, गेटची नाही!! हे मी दोनदा लिहिणार आहे कारण आम्ही पहिल्यांदा इथेच आपटलो. दहाची एंट्री, जीपीएस म्हणालं नऊ चाळीसला पोचाल, आम्ही खुशीत वाटेत कॉफीला थांबलो. आणि नऊ चाळीसला पोचलो ते कुठे तर इस्टेटच्या कमानीपाशी. तिथून पुढे तिकीट तपासणी, मग घरापर्यंत तीन मैल वळणावळणाचा रस्ता, मग पार्किंग, मग शटल बसची वाट, मग घरासमोरचं ते अफाट पटांगण चालत पार करायचं. दारात पोचलो दहा पस्तीसला, धापा टाकत, नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाही अशा अवस्थेत. दारावरच्या बाईंनी हसून आत सोडलं पण प्रत्येक वेळी सोडतीलच असं धरून चालू नका. तर दाराच्या वेळेच्या निदान एक तास आधी कमानीत असायला हवं, आणि बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर सव्वा तास. परत सांगते, दाराची वेळ.

वेळ कोणती घ्यायची? सकाळची पहिली किंवा दुसरी. कारण घर बघायला नीट बघितलं तर अडीच-तीन तास लागतात, त्यानंतर बागा, त्यानंतर अँटलर हिल व्हिलेज म्हणून एक भाग आहे तिथे वाइनरी, प्राणी, खाणंपिणं. दुपारी दोनची एंट्री घेतली की घराबाहेर येईपर्यंत पाच वाजतात आणि बागा राहतात. माझ्या मैत्रिणीने तसंच केलं आणि अजून म्हणते की बिल्टमोरला बाग कुठेय.

रस्त्याचं बघू. शार्लटहून सव्वादोन तास धरा, अटलांटाहून साडेतीन, राली साइडने चार. नॉक्सव्हिलकडून येणाऱ्यांनी मात्र निघायच्या आधी आय-४० हायवेची अवस्था बघून निघा. सप्टेंबर २०२४ मधे हेलीन वादळात पिजन नदीने त्या घाटातला रस्त्याचा मोठा भाग अक्षरशः खाऊन टाकला, २०२५ च्या मार्चमधे एकेक लेन सुरू केली पण दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षांचं आहे, तेव्हा जादा वेळ ठेवा. अ‍ॅशव्हिलचंही त्या पुरात खूप नुकसान झालं, बिल्टमोरच्या कमानीबाहेरचं बिल्टमोर व्हिलेज तर पाण्याखालीच गेलं होतं. घर उंचावर असल्याने वाचलं, इस्टेट २ नोव्हेंबर २०२४ ला परत उघडली. गावातली काही दुकानं अजून सावरतायत, त्यामुळे जुनं रिव्ह्यू वाचून एखाद्या ठिकाणी थेट जाऊन थडकू नका.

आणि ब्लू रिज पार्कवे. सगळ्यांना तिथून जायचं असतं, आणि जायलाच हवं, ४६९ मैलांचा तो रस्ता म्हणजे घाटच घाट, ना ट्रक ना होर्डिंग. पण बिल्टमोरच्या दिवशी सकाळी नको. वेगमर्यादा जास्तीत जास्त ४५, वळणांमुळे तेवढीही गाठत नाही, धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे हाच आधार, आणि पार्कवेवर एकही पेट्रोल पंप नाही. मोबाईलची रेंजही मधेच गायब, मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा. बोगदे बरेच आहेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला तर पंचवीस, हेडलाइट लावायला विसरू नका. वादळाने याही रस्त्याचे तुकडे बंद पडले होते, पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला टप्पा उघडा ते दिसतं. आमचा नियम असा झालाय की शनिवारी बिल्टमोर, रात्री अ‍ॅशव्हिलमधे मुक्काम, रविवारी निवांत पार्कवेवरून माउंट पिसगाकडे किंवा उलट्या बाजूला माउंट मिचेलला. मिचेल ६,६८४ फूट, मिसिसिपीच्या पूर्वेला याहून उंच शिखर नाही, आणि वर जवळपास टोकापर्यंत गाडी जाते म्हणजे गुडघेवाल्यांचंही जमतं.

बरं, कमानीतून आत शिरलात. आता गाणी बंद करा, काचा खाली करा आणि हळू चालवा. मागचा घाई करत असेल तर करू दे. हा तीन मैलांचा रस्ता म्हणजे ड्राइव्हवे नव्हे, हा दाखवायच्या गोष्टींमधला पहिला नग आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्याने आखलं त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडचं हे शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक. तुम्हाला आजूबाजूला जे घनदाट जंगल दिसतं ना, ओढा, बांबू, पाण्याची डबकी, ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाळ्या, त्यातलं बरंचसं लावलेलं आहे. व्हँडरबिल्टने जमीन घेतली तेव्हा ती झाडं तोडून, पिकं काढून काढून कस गेलेली होती. त्याला सगळीकडे छान पार्क हवं होतं, ओल्मस्टेडने सांगितलं की घराजवळ बाग कर आणि बाकी जंगल लाव. रस्ता आखताना त्याने लांबवरचं काही दिसूच दिलं नाही, सतत वळण, सतत झाडी, घर कुठे आहे पत्ता नाही, आणि मग एकदम दरवाज्याच्या खांबांमधून गाडी बाहेर येते आणि ते समोर. आईच्या तोंडून "अगं बाई" बाहेर पडलं ते तिथेच. हे सव्वाशे वर्षांपूर्वी बग्गीत बसलेल्या पाहुण्यांचंही व्हायचं. (आता आपल्याला पार्किंगच्या हिशोबाने वळवतात त्यामुळे तो क्षण थोडा पातळ होतो, तो भरून काढायचा उपाय पुढे सांगते.)

या जंगलाचीही गोष्ट आहे. ते सांभाळायला गिफर्ड पिंचोट नावाचा तरुण ठेवला होता, जो पुढे अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्यानंतर आलेल्या कार्ल शेंकने १८९८ मधे इथेच वनशास्त्राची शाळा काढली, देशातली पहिली. जॉर्ज १९१४ मधे अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर गेला, वय ५१ फक्त, आणि मग त्याची बायको ईडिथ हिने जवळजवळ ८७,००० एकर सरकारला विकले, तेच आजच्या पिसगा नॅशनल फॉरेस्टचं मूळ. म्हणजे रविवारी तुम्ही पार्कवेवरून जे जंगल फुकट बघणार, ते एकेकाळी याच घराचं परसू. आता इस्टेट ८,००० एकर उरलीय.

गाडी लावलीत की आधी लॉटच्या पाटीचा फोटो काढा. लॉट अक्षरांनी ओळखतात, संध्याकाळी सगळ्या शटल सारख्याच दिसतात. पायात बूट, चपला नाही, साडीवाल्या आयांनाही बूटच. घरात खाणंपिणं नेता येत नाही, मोठी बॅग गाडीतच ठेवा. फोटो चालतात, फ्लॅश नाही. ज्यांना जिने जमत नाहीत त्यांनी दारातच तिथल्या माणसाला सांगा, ते लिफ्टचं वगैरे बघतात, लाजून बसू नका. व्हीलचेअरचं काय ते मात्र तिकीट काढतानाच विचारून ठेवा. पण हे खरंच आधी ठरवा, कारण घरात चढण बरीच आहे, मुख्य जिन्याच्याच १०२ पायऱ्या आहेत. सगळ्या तुम्हाला चढाव्या लागत नाहीत, तिसऱ्या मजल्यापर्यंत नेतात आणि मग खाली.

आता मुद्द्याचं. घर ठरलेल्या वाटेनं बघायचं असतं, मागे फिरता येत नाही फारसं. आधी तळमजला (इकडे त्यालाच पहिला म्हणतात), मग दुसरा, तिसरा, मग एकदम तळघर, मग बाहेर. आणि होतं काय की लोक तळमजल्यावर प्रत्येक खुर्चीसमोर उभे राहतात, दुसऱ्या मजल्यावर पाय दुखायला लागतात, तिसऱ्यावर मुलं रडतात, आणि तळघरातून लोक असे पळतात जसं मॉलमधून पार्किंगकडे चाललेत. माझ्या मते या घरातलं सगळ्यात बघण्यासारखं तळघर आहे. म्हणून वेळेची विभागणी उलटी करा, वरच्या तीन मजल्यांना मिळून दीड तास आणि तळघराला पाऊण तास ते एक तास, आणि तो राखून ठेवाच.

वर काय सोडू नये तेवढं सांगते. शिरल्या शिरल्या उजव्या हाताला काचेच्या छताची विंटर गार्डन, खाली उतरती, मधे कारंजं. मग बँक्वेट हॉल, ७० फूट उंच छत, एका भिंतीला तीन फायरप्लेस शेजारी शेजारी, टेबलाला ६४ माणसं बसू शकतात. बाबा म्हणाले, मुंज होईल इथे आरामात. इथे मान वर करून बघा आणि पुढे व्हा. म्युझिक रूम लोक सरळ ओलांडतात कारण नावाप्रमाणे तिथे काही फार नाही, पण ही खोली जॉर्जच्या काळात अर्धवटच राहिली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनवर बॉम्ब पडतील या भीतीने नॅशनल गॅलरीतली निवडक चित्रं आणि शिल्पं १९४२ ते १९४४ इथे गुपचूप आणून ठेवली होती, रेम्ब्रांट, राफाएल सगळे. इकडे पर्यटक तिकीट काढून घर बघतायत आणि भिंतीपलीकडे कोट्यवधींची चित्रं, कोणाला पत्ता नाही.

तिथून मागच्या सज्जात, म्हणजे लॉजियात, बाहेर पडा. इथे बसा पाच मिनिटं. समोर पिसगा डोंगर दिसतो, तोही त्याने विकत घेतलेला होता, म्हणजे घरातून दिसणारं सगळं आपलंच असलं पाहिजे असा हट्ट.

मग लायब्ररी, आणि इथे मी कोणालाही घाई करत नाही. दोन मजली अक्रोडाची कपाटं, दहा हजारांवर पुस्तकं, वर छताला व्हेनिसच्या एका वाड्यातून आणलेलं पेल्लेग्रिनीचं चित्र. गंमत अशी की माणूस नुसता कपाटं सजवणारा नव्हता, बारा वर्षांचा असल्यापासून वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायचा, शेवटचा आकडा ३,१५९. वरच्या गॅलरीत फायरप्लेसच्या मागे एक दार लपलेलं आहे, पाहुण्यांना रात्री झोप आली नाही तर खोलीतून थेट तिथे येऊन पुस्तक नेता यायचं. आपल्याला वर जाऊ देत नाहीत पण खालून मान तिरकी करून बघितलं तर जागा कळते. नेपोलियनचा सेंट हेलेना बेटावरच्या कैदेतला बुद्धिबळाचा पटही या घरात आहे, तो कुठल्या खोलीत मांडलाय ते तिथल्या स्टाफला विचारा.

जिना चढताना मधून खाली लोंबणारं झुंबर बघा, चार मजल्यांच्या उंचीतून आलेलं, १,७०० पौंडांचं. वरच्या बेडरूममधे मी सरळ चालत राहते. जॉर्जची खोली सगळी लालसर सोनेरी, ईडिथची जांभळी आणि लंबगोल, मधे दोघांची बसायची खोली. पाहुण्यांच्या खोल्या पाच बघितल्या की सहावी तशीच वाटते.

आणि इथेच, तिसऱ्या मजल्यावर, आईने विचारलं, "अगं पण एवढ्या चादरी धूत कोण होतं?" मी तीन वेळा येऊन गेले होते, मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. घरभर सोनं आणि गालिचे बघून ही बाई चादरींचा हिशोब करत होती. ३५ बेडरूम, पाहुणे आठवडा आठवडा राहणार, जेवायला रोज वेगळा टेबलक्लॉथ, दिवसातून चार वेळा कपडे बदलणार, त्यात पंचे, नॅपकिन. मी म्हटलं चल खाली, दाखवते.

तळघरात शिरताना पहिल्यांदा एक विचित्र खोली लागते, हॅलोविन रूम म्हणतात. भिंतींवर वटवाघळं, मांजरी, सैनिक असं काहीबाही रंगवलेलं. जॉर्जची एकुलती एक मुलगी कॉर्नेलिया आणि तिचा नवरा यांनी १९२५ च्या थर्टीफर्स्ट पार्टीसाठी दोस्तांना ब्रश देऊन रंगवून घेतलेली, हॅलोविनशी संबंधच नाही, नाव नंतर चिकटलं. मग दोन लेनची बोलिंग अ‍ॅली, पिना परत उभ्या करायला नोकर उभा. मग स्विमिंग पूल, आणि इथे सगळे गप्प होतात. रिकामा, पांढऱ्या टाइल्सचा, कडेने दोर बांधलेले, ७०,००० गॅलन पाणी मावणारा, आणि १८९५ मधे पाण्याखाली विजेचे दिवे! वरचं छत बघा, टाइल्सची कमान आहे, गुआस्ताविनो म्हणून स्पॅनिश वास्तुकार होता त्याच्या पद्धतीची, तशीच न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात आहे. पाणी शुद्ध करायची सोय तेव्हा नव्हती, म्हणजे थोड्या दिवसांनी सगळं सोडायचं आणि परत भरायचं. हे कोण करत होतं, तेच खालचे लोक.

त्यानंतर आपल्या बायकांचा खरा इलाका. स्वयंपाकघरं एक नाही, तीन. मोठं मुख्य, एक बेकरीच्या पदार्थांचं, एक नुसतं मांस भाजायचं. तांब्याची भांडी टांगलेली, चकाचक. शेजारी माणूस आत शिरेल एवढे थंड कोठार, म्हणजे आजच्या भाषेत वॉक-इन फ्रिज, घराघरात फ्रिज यायच्या कितीतरी आधी. जेवण वर पाठवायला दोन छोट्या लिफ्ट, एक विजेवर आणि एक दोर ओढून. बँक्वेट हॉल वर, चूल खाली, वाढेपर्यंत पदार्थ निवायला नको म्हणून ही सगळी धावपळ. नोकरांची जेवायची खोली, दासींच्या झोपायच्या खोल्या, लोखंडी पलंग, एक टेबल, एक आरसा. आई त्या खोलीसमोर बराच वेळ उभी होती, म्हणाली की वरच्यांपेक्षा हीच नीटनेटकी आहे.

आणि मग लाँड्री. मोठं पिंप, त्यात कपडे फिरणार, पिळायचं यंत्र, इस्त्रीचे रूळ, आणि वाळवायची खोली ज्यात भिंतीतून उंच उंच उभ्या रॅक ओढून बाहेर येतात, त्यावर चादर टाकायची, रॅक परत आत ढकलायची, आत गरम हवा. आईने ते एक मिनिटभर बघितलं आणि मान हलवली, जसं कोणाच्या घरची मांडणी आवडली की हलवते तशी. तिला नेपोलियनचा बुद्धिबळ आठवत नाही, हे अजून फोनवर सांगते लोकांना.

खालची ही माणसं एकदा लक्षात राहिली की घराची बाकीची गोष्टही वेगळी वाटते. १९१२ मधे जॉर्ज आणि ईडिथ युरोपातून टायटॅनिकने परतणार होते, ऐनवेळी बेत बदलला आणि दुसऱ्या बोटीने आले. सगळीकडे हे नशीब नशीब म्हणून सांगतात. पण सामान आधीच ठरलेलं होतं, ते घेऊन त्यांचा एक नोकर टायटॅनिकवर चढला, तो बुडाला.

बाहेर आलात की भूक. घराला लागून पूर्वीचा तबेला आहे, तिथे आता दुकानं आणि एक कॅफे, घोड्यांच्या ठाणांमधे टेबलं टाकलीयत, मुलांना मजा वाटते. पण शाकाहारी मंडळींनी गाडीत दशम्या, चटणी, फळं ठेवलेली बरी. जेवणाच्या वेळेला रांग असते, अकराला खा किंवा दोनला.

मग बागा. घरातून उतरत गेलं की भिंतीतली बाग, एप्रिलमधे ट्यूलिप, नंतर गुलाब, टोकाला काचघर. थंडीत गेलात आणि बाहेर सगळं उघडंबोडकं असेल तरी काचघरात ऑर्किड आणि केळी असतातच, बाबा तिथे केळीच्या लोंगराचा फोटो काढत बसले. त्याच्या खाली अझेलियाची बाग, मे महिन्यात बघा. उताराने जाताना छान वाटतं, येताना तोच चढ असतो, गुडघेवाल्यांनी काचघरापासून परत फिरावं.

आणि तो मघाचा राहिलेला क्षण. घराकडे पाठ करून समोरचं लांबलचक हिरवळीचं पटांगण पार करा, पुढे टेकाडावर डायना या रोमन देवीचा पुतळा आहे, तिथे चढा आणि मग वळा. अख्खं घर एका फोटोत मावतं ते इथूनच, दारात उभं राहून मावत नाही, कितीही मागे सरका. सकाळी आलात की आधी हे करावं की शेवटी यावर आमच्या घरात वाद आहे, माझं मत शेवटी, ऊन उतरताना, तेव्हा चुनखडीचा दगड पिवळसर होतो आणि गर्दी पांगलेली असते.

अँटलर हिल व्हिलेजला गाडीनेच जायचं, घरापासून काही मैल. वाइनरी १९८५ मधे जुन्या गोठ्याच्या इमारतीत उघडली. टेस्टिंगला बुकिंग लागतं का ते तिकीट काढताना बघून घ्या, आणि जो गाडी चालवणार त्याने पुढचा घाट लक्षात ठेवून फक्त वास घ्यावा. मुलं असतील तर तिथल्या शेळ्या-कोंबड्यांपाशी तास जातो, नसतील तर मी हा भाग गाळते.

कधी जावं? जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात स्वस्त आणि निवांत, फक्त घर बघायचं तर उत्तम. एप्रिल-मे बागांसाठी. ऑक्टोबरचा मधला पंधरवडा पानांसाठी, पण तेव्हा अख्खा अमेरिकाच अ‍ॅशव्हिलला येतो, हॉटेलं दुप्पट. डिसेंबरमधे बँक्वेट हॉलमधे ३५ फुटांचं झाड उभं करतात आणि संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात घर दाखवतात, सुंदर दिसतं, पण पहिल्यांदाच जाणार असाल तर तो शो घेऊ नका, अंधारात बारकावे दिसत नाहीत आणि बागा तर नाहीच.

रात्रीचं जेवण मात्र गावात. चायपानी नावाचं ठिकाण आहे, भेळ, वडापाव, भेंडीच्या कुरकुरीत काचऱ्या, त्याला २०२२ मधे अमेरिकेतल्या सर्वोत्तम रेस्टॉरंटचं जेम्स बिअर्ड अवॉर्ड मिळालं, आणि ते काढणारे मेहेरवान इराणी लहानाचे मोठे झाले आपल्या अहमदनगरला. शनिवारी वेटिंग असतं, नाव लावून बाहेर फिरून या. आई दिवसभर चालून दमली होती, समोर वडापाव आला, तिने पाव उलटून खालून बघितला, बोटाने दाबला, म्हणाली ठीके, ताजाय. मग बाबांनी हळूच विचारलं की तिकीट नक्की कितीचं होतं.